एकेचाळीस आणि अंगठा

गुरुवार, २२ मे १९९७, सकाळचे सव्वाअकरा. देवगडच्या अलीकडे एका खाडीच्या काठी आमची जीप थांबलेली होती, आणि ज्या रस्त्याने पलीकडे जायचे तो रस्ता आमच्या डोळ्यांदेखत पाण्यात उतरून दिसेनासा होत होता. ही वेळ मला आठवणीतून खणून काढावी लागत नाही. ती कापडाच्या ताग्यातून निघालेल्या एका पुठ्ठ्यावर निळ्या बॉलपेनने माझ्याच अक्षरात लिहिलेली आहे. त्या पुठ्ठ्यावर मोजकेच आकडे आहेत. पुढे मी उपकरणांच्या साहाय्याने हजारो नोंदी केल्या, त्यांचे आलेख काढले, त्यांवर वादही घातले. पण माझ्या व्यवसायाचा आरंभ विचाराल तर तो या पुठ्ठ्यावर आहे, आणि त्यातला एक आकडा शास्त्रीय दृष्टीने सदोष आहे.

आमचे घर देवळीचे. पुढे बाबांचे कापडाचे दुकान आणि मागे आम्ही, असे एकच लांबट बांधकाम होते. त्यामुळे माझे बालपण आवाजांनी मोजायचे झाले तर ते कापड फाटण्याच्या आवाजाने मोजावे लागेल. बाबा कात्रीने फक्त कडेला एक छोटी चीर देत आणि उरलेले कापड दोन्ही हातांनी एका दमात फाडत. स्वयंपाकघरात आई भाकरी थापत असे, आणि थापण्याच्या दोन आवाजांच्या मधोमध पुढून तो लांब चर्रकन आवाज येई. पॉपलीन कोरडे फाटते, मांजरपाट जरा घोगरे. मी आत अभ्यास करताना न पाहता सांगू शकत असे की गिऱ्हाइकाने काय घेतले. आठवड्यातले तीन दिवस बाबा जीपमध्ये तागे रचून बाजार करीत. रोहण्याचा बाजार त्यांच्या विशेष आवडीचा होता. जीपला कायम नव्या कापडाच्या खळीचा वास येई. तो वास पेट्रोलच्या वासात मिसळला की मला आजही भूक लागते, कारण बाजाराहून परतलेल्या जीपमध्ये आलूबोंड्याची पुडी असे.

बाबांची मापण्याची एक रीत होती. लोखंडी मीटर कापडावर ठेवायचा, त्याच्या टोकाशी डावा अंगठा दाबायचा, आणि पुढचे माप अंगठ्याच्या पलीकडून सुरू करायचे. म्हणजे दर मीटरमागे एक अंगठा कापड गिऱ्हाइकाला फुकट. आई म्हणायची, “तुमच्या अंगठ्यानं अर्धं दुकान लोकाईच्या अंगावर गेलं.” बाबा म्हणायचे, “मंग लोकं उघडे त नाई फिरून राह्यले.” आठवीत असताना मी त्यांना सांगितले होते की ही मापनातील पद्धतशीर त्रुटी आहे. त्यांनी ऐकून घेतले, मान डोलावली आणि पुढचा मीटर तसाच मापला.

मला समुद्राची ओढ कशी लागली, हे मला अनेकांनी विचारले आहे. उत्तर अगदी कोरडे आहे. भूगोलाच्या पुस्तकात भरती-ओहोटीचा एक आलेख होता. त्याआधी मी वर्गात जे आलेख पाहिले होते ते वर तरी जात किंवा खाली तरी येत. हा एकटाच परत येत होता. बी.एस्सी. होईपर्यंत ती रेघ मनातून गेली नाही. मग गोव्यात समुद्रविज्ञानाच्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा दिली आणि निवड झाली. शुक्रवारी, २३ मे रोजी, दुपारपर्यंत पालकाच्या सहीसह स्वतः हजर राहून जागा पक्की करायची होती. पालक म्हणजे बाबा, आणि बाबा सहीबद्दल काहीच बोलत नव्हते.

बोलत होती ती आत्या. तिने कारंज्याहून एक स्थळ आणले होते, हायवेवर मोठे हार्डवेअरचे दुकान असलेले. “पोरगी समुद्र शिकून करीन काय? देवळीत का जहाज लागून राह्यलं?” असे ती ओसरीवर बसून म्हणाली तेव्हा आईलाही हसू आवरले नाही. बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, “ज्याच्यासाठी थे चालली, थे मले पहिले पाहू दे. पाहून सांगतो.” आणि ऐन लग्नसराईत, जेव्हा कापडवाला जेवायलाही दुकानाबाहेर पडत नाही, त्यांनी दुकानाला कुलूप लावले, जीपमधले तागे उतरवले आणि आम्हा दोघींना बसवले. मीटर मात्र सीटखाली राहिला. तो नेहमी तिथेच असे.

म्हणजे या प्रवासाला सहल म्हणणे चूक आहे. ती तपासणी होती. तरीही इतका निवांत प्रवास मी पुन्हा केला नाही. यवतमाळ, नांदेड, लातूर, सोलापूर करीत आम्ही बाबांच्या बाजाराच्या चालीने चाललो होतो. ती चाल अशी की सायकलवाला शेजारून गप्पा मारीत जाऊ शकेल. आईने दशम्या, जवसाची चटणी, शेवेचा चिवडा आणि पाण्याची छागल घेतली होती. कापडाचे दुकान दिसले की बाबा थांबत, आत जात, चिमटीत कापड धरून बघत आणि काही न घेता बाहेर येत. “काय जी, गाडी चालू हाय का उभी हाय?” आई विचारायची. “चालू हाय.” “मंग मले झाडं काऊन नाई हालून राह्यले?” देवळीत सोडलेले ऊन घाटाच्या माथ्यापर्यंत मागे येत होते. घाट उतरताना ते एकाएकी ओले झाले. आईने पदराने मान पुसली आणि म्हणाली, “इथं ऊन बी धुवून वाळत घातल्यासारखं हाय.”

किनाऱ्यालगतचे दोन दिवस मी अजून जसेच्या तसे उलगडू शकते. तांबड्या चिऱ्याचे गडगे, त्यांच्या आत काजूची वाकडी झाडे, अंगणात वाळत घातलेली आमसुले, रस्ता वळला की सुरूच्या बनामागे एक निळी पट्टी आणि पुन्हा वळला की ती नाहीशी. आंब्याच्या पेट्या ठोकण्याचा आवाज गावोगाव होता. एका खानावळीत आईने डाळीत, भाजीत आणि कोशिंबिरीत खोबरे शोधून काढले आणि शेवटी ताक हुंगून पाहिले. “याच्यात नाई वाटते,” ती समाधानाने म्हणाली. सुकवलेल्या मासळीचा वास आला की ती नाकाला पदर लावी, पण डोळे बाहेरच ठेवी. बाबा पहिल्यांदा समुद्र दिसला तेव्हा जीप बंद करून उतरले. खूप वेळ उभे राहिले. परीक्षेच्या निकालाची वाट पाहावी तशी मी मागे उभी होते. कापडाच्या रुंदीला आमच्या धंद्यात पन्हा म्हणतात. बाबा म्हणाले, “याचा पन्हा दिसून नाई राह्यला.” एवढेच बोलून ते परत येऊन बसले. किल्ली फिरवण्यापूर्वी त्यांनी विचारले, “इथं रात्रीबेरात्री काही झालं त तू कोनाले आवाज देशीन?” मी वसतिगृह, प्राध्यापक, दूरध्वनी असे मुद्देसूद उत्तर दिले. ते त्यांनी ऐकले, जसे त्यांनी पद्धतशीर त्रुटीबद्दल ऐकले होते.

त्या दोन दिवसांत त्यांनी पाण्याला हात लावला नाही. आईने चप्पल काढून घोटाभर पाण्यात जाऊन घेतले, तोंडात बोट घालून खारटपणाची खात्री केली. बाबा वाळूच्या कोरड्या भागात पायजम्याच्या घड्या न मोडता उभे राहिले. मी त्या अंतराचा अर्थ लावीत होते आणि तो माझ्या विरुद्ध जात होता.

गुरुवारी आम्ही त्या खाडीपाशी आलो. रस्ता खाजणाच्या दलदलीतून एका बुटक्या बांधावरून पलीकडे जात होता, आणि बांधाच्या तोंडाशी एक पाववाला सायकल टेकवून, पावाची पेटी न उघडता, बिडी ओढत बसला होता. बाबल असे त्याचे नाव पुढे कळले. त्याने हात आडवा केला. “फुडे जाव नकात. भरती हा.”

आमच्याकडे भरती म्हणजे दवाखान्यात दाखल करणे. बाबांचा चेहरा एकदम उतरला. ते लगबगीने खाली उतरले. “कोन भरती हाय?”

“कोण म्हंजे? पाणी.”

आईने जीपमधून मान बाहेर काढली. “पान्याले काय झालं म्हनते?”

बाबलने आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिले. “पाण्याक काय जातला? भरती लागली हा. दोन वाजता सुकती बरी लागतली, मगे जावा.”

“दोन वाजता सुट्टी होते म्हनते,” आईने बाबांना समजावले. आमच्याकडे दवाखान्यातून घरी सोडले की सुट्टी झाली म्हणतात, त्यामुळे तिच्या दृष्टीने सगळे नीट जुळले होते. “मंग काही जास्त नसन. सलाईन-गिलाईन लावून सोडते दोन वाजता.”

मी हसू लागले आणि थांबता येईना. मग बाबांना समजले, मग आईला, आणि शेवटी, काहीही न समजता, बाबलही हसला. त्याने ओहोटीला त्यांच्याकडे सुकती म्हणतात हे सांगितले. आईने तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला. मग बाबलने पेटी उघडून पाव दिले आणि आईने त्याला जवसाची चटणी दिली. पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी आले. “काकी, ह्या खाल्लास तर समुद्र सुकात गो,” तो म्हणाला आणि त्याने आणखी मागून घेतली.

मी मात्र अस्वस्थ होते. उद्या दुपारपर्यंत गोवा गाठायचे होते, सहीचा कागद माझ्या पिशवीत कोराच होता, आणि वाटेत पाणी उभे होते. हात रिकामे असले की मला विचार करवत नाही. सीटखालचा मीटर काढला, मागच्या बाजूला पडलेला एक पुठ्ठा घेतला, आणि जिथे रस्ता पाण्यात शिरत होता तिथल्या चुना लावलेल्या दगडाला मीटर टेकवून उभी राहिले. सव्वाअकरा, एकोणीस सेंटिमीटर. दर पाव तासाला एक नोंद घ्यायची असे ठरवले. अठ्ठावीस. पस्तीस. पाणी गुडघ्याकडे सरकत होते आणि प्रवाह मीटरला ढकलत होता, म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरला होता. त्यामुळे लिहिता येत नव्हते.

“बेबी, वाकडा धरला तुनं,” मागून बाबा म्हणाले. “वाकडा धरला त माप खोटं.”

“मंग तुमी धरा.”

मला वाटले ते काठावरूनच काही सूचना करतील. पण माप खोटे होत असताना त्यांना काठावर राहणे जमले नसावे. त्यांनी चपला काढून बांधावर शेजारी शेजारी ठेवल्या, पायजमा गुडघ्यावर गुंडाळला आणि ते पाण्यात आले. पाय टाकताच त्यांच्या तोंडून “बाप्पा” निघाले. “हे त कोमट हाय.” मग त्यांनी मीटर माझ्या हातातून घेतला, ओळंब्यासारखा सरळ उभा केला, आणि पाण्याची रेघ जिथे लोखंडाला टेकत होती तिथे सवयीने डावा अंगठा दाबला.

“एकोनचाळीस.” थोड्या वेळाने, “एकेचाळीस.” त्यापुढचा पाव तास गेला. “एकेचाळीस,” ते म्हणाले, आणि जरा वाकून, “आन अंगठा.”

“बाबा, अंगठा लिहिता नाई येत.”

“काऊन नाई येत? गिऱ्हाइकाले देतो, मंग समुद्राले काऊन नाई देऊ?”

मी लिहिले: ४१ + अंगठा. दुसरा उपायच नव्हता.

पाणी आता थांबले होते. भरतीच्या माथ्यावर अशी काही मिनिटे येतात जेव्हा प्रवाह कोणत्याच दिशेला नसतो. खाजणातली झाडे स्वतःच्या प्रतिबिंबावर उभी होती. बाबा मीटर धरून तसेच उभे होते, गुडघ्याखाली समुद्र, आणि त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारले, “आता हे जाईन?”

“जाईन.”

“आन मंग?”

“मंग येईन. दिवसातून दोनदा येते.”

“टायमावर?”

खोटे बोलणे सोपे होते, पण विषय माझा होता. “टायमावर नाई, बाबा. रोज जरा उशिरा येते. पाऊन तास, कधी जास्त.”

“पन येते.”

“येते.”

“कोनी बोलावलं नाई तरी?”

“तरी.”

त्यांनी अंगठा मीटरवरून उचलला. लोखंडावर एक ओला ठसा उरला आणि उन्हाने लगेच वाळला. ते म्हणाले, “मंग तू बी येजो.”

हा शब्द देवळीत उंबऱ्यावर उच्चारतात. निघालेल्या माणसालाच तो म्हणतात. जो कुठे जात नाही त्याला येजो म्हणण्याचे कारण नसते. मी पुठ्ठा धरून उभी राहिले. काय झाले ते माझ्या आधी आईला कळले. ती जीपच्या पायरीवर बसली होती, हातात अर्धा पाव. “काय जी,” ती हळू आवाजात म्हणाली, “आतापासूनच येजो म्हनून राह्यले का तिले?” आईने तो पाव पुन्हा डब्यात ठेवला, झाकण लावले, उघडले, पुन्हा लावले. “जवसाची चटनी थितं कोन देईन इले,” ती म्हणाली. कोणाला उद्देशून ते मला ठरवता आले नाही. बाबल समोरच होता, त्याने ते आपल्यासाठी समजून मान हलवली. “थय जवस गावाचो नाय,” त्याने गंभीरपणे दुजोरा दिला.

दोन वाजता रस्ता पुन्हा दिसू लागला, चिखलाने चकाकणारा, कडेला खेकड्यांच्या लगबगीसकट. बाबलची सायकल पुढे आणि त्याच्या चालीने आमची जीप मागे. जीपमध्ये खळीच्या वासात पहिल्यांदाच खारट वास मिसळला होता. दुसऱ्या दिवशी गोव्यात बाबांनी सही केली. ओल्या शाईवर फुंकर मारून त्यांनी तो कागद कापडासारखा दोन बोटांत धरून पाहिला.

मी येत राहिले. दिवाळीला, उन्हाळ्यात, नोकरी लागल्यावर जमेल तशी, आणि रोज जरा उशिरा येणाऱ्या पाण्याप्रमाणे दर वर्षी जरा उशिरा. गेलेल्या प्रवासाची ओढ ही मला पूर्वी अशास्त्रीय भावना वाटे. आता त्या किनाऱ्याला लागून रुंद रस्ते झाले आहेत, खाड्यांवर पूल आहेत, आणि मी कामासाठी तिथून अनेकदा वेगाने गेले आहे. पण पुलावरून पाणी मोजता येत नाही, आणि थांबायला सांगणारे कोणी बांधावर बसलेले नसते. मला त्या थांबण्यात परत जायचे असते. मी हे दुसऱ्या कोणत्याही शब्दांत मांडू शकत नाही.

नऊ वर्षांनी एका धक्क्यावर भरतीमापक तपासत असताना आईचा फोन आला. “बाबाले भरती केलं,” ती म्हणाली. क्षणभर मला तो शब्द माझ्या धंद्याच्या अर्थाने ऐकू आला, आणि मी खाली पाण्याकडे पाहिले. इतकी वर्षे किनाऱ्यावर राहून मी नेमकी बाबलसारखी झाले होते. मग देवळीचा अर्थ वर आला. पहिल्या गाडीने निघाले, तरी वर्ध्याला पोहोचायला दीड दिवस लागला.

बाबा वर्ध्याच्या दवाखान्यात खिडकीजवळच्या खाटेवर होते. अंगावर दवाखान्याची हिरवी चादर होती आणि तिची कड ते चिमटीत धरून पाहत होते. मला पाहून म्हणाले, “आली. उशिरा, पन आली.” मग डॉक्टर फेरीला येऊन गेले, तेव्हा बाबांनी मला जवळ बोलावले. “सुकती कवा हाय, विचार त्याईले.” आई पलीकडून म्हणाली, “सुट्टी म्हना जी, इथं कोनाले समजन का थे?” “इले समजते,” बाबा म्हणाले.

माझ्या पिशवीत पोलादी पट्टी नेहमी असे. मी त्यांचा डावा हात उशाशी ओढून घेतला.

“काय करून राह्यली?”

“मोजून राह्यली. एकेचाळीस आन किती, थे राहून गेलतं.”

“सरळ धर मंग,” ते म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच अंगठा पट्टीवर दाबला, नेहमीसारखा, जरा जास्तच.

ही नोंद मी त्याच पुठ्ठ्यावर, घरी जाऊन, जुन्या आकड्याशेजारी केली. तिच्यात दोष आहे. खाडीत पाण्याच्या रेघेवर टेकला तो अंगठा कापड फाडणाऱ्या हाताचा होता. दवाखान्यातला दुखण्याने बारीक झाला होता. तेव्हाचा किती जाड होता हे आता मोजता येत नाही, आणि त्यासाठी लागणारी दुरुस्ती मला कोणत्याही पद्धतीने काढता आलेली नाही. बाबांना सुट्टी झाली नाही. आकडा जसा मिळाला तसा ठेवला आहे: २.१ सेंटिमीटर.